शिपायाची दोन घरं

२१ मे १८५३ रोजी हैदराबादेत एक तह झाला. एका बाजूला निजाम नासिर-उद-दौला, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट कर्नल जॉन लो आणि लोच्या पाठीशी कलकत्त्यात बसलेला गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी. वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडचा भाग मिळून वर्षाला सुमारे पन्नास लाखांच्या वसुलीचा मुलूख या तहानं कंपनीच्या कारभाराखाली गेला. त्यामागे लढाई नव्हती, बंडही नव्हतं. एका फौजेच्या पगाराची बाकी होती. 'हैदराबाद कंटिंजंट' नावाच्या त्या फौजेत किमान पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि तोफखान्याच्या चार बॅटऱ्या असाव्यात आणि त्यांचा खर्च या मुलखाच्या उत्पन्नातून भागवावा, असं ठरलं. पूस नदीकाठचं पुसद आणि त्याच्या आसपासची सगळी खेडी त्या दिवसापासून सात हजार माणसांच्या पगाराला तारण झाली. पुसदच्या कुणब्याला कोणी विचारलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

त्या सात हजारांतला एखादा साधा शिपाई आणि त्याच्या घरची माणसं हा माझा विषय आहे. सुभेदार नाही, रिसालदार नाही. ज्याच्या दंडावर एकही पट्टी चढली नाही, असा माणूस. त्याच्याबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे की त्याला दोन घरं होती. एक, ज्यातून तो निघाला. दुसरं, ज्याच्या शेतसाऱ्यातून त्याचा पगार निघाला. आपला इतिहास पहिल्या घराकडे अधूनमधून पाहतो, दुसऱ्याकडे कधीच पाहत नाही. पुसदचं एकोणिसावं शतक मात्र बरंचसं या दुसऱ्या घराचं आहे आणि ते नीट वाचल्याशिवाय पहिल्या घराचीही खरी ओळख पटत नाही.

ही फौज म्हणायला निजामाची, पण अधिकारी इंग्रज. हेन्री रसेल रेसिडेंट असताना १८१३च्या सुमाराला हैदराबादेत 'रसेल ब्रिगेड' उभी राहिली. एलिचपुरात नवाब सलाबतखानाच्या पलटणी होत्याच. १८१७च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांविरुद्ध रसेल ब्रिगेड लढली. १८००च्या तहाप्रमाणे निजामानं युद्धाच्या वेळी आपली फौज मदतीला द्यायची होती. शांततेच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली कायमची फौज पोसण्याचं बंधन त्यात नव्हतं. तरी लढाया संपल्यावरही पलटणी राहिल्या, आणि पलटण राहिली की पगाराची तारीखही राहते. कारभारी राजा चंदूलाल यांनी त्यासाठी विल्यम पामरच्या पेढीकडून पैसा उचलला. व्याज शेकडा चोवीसच्या घरातलं, आणि परतफेडीसाठी वऱ्हाड-औरंगाबादच्या वसुलीवर वराती, म्हणजे वसुलीतून परस्पर पैसे देण्याचे हुकूम. चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट होऊन आला तेव्हा त्यानं या व्यवहाराविरुद्ध जोरदार आवाज उठवला. पुढे पेढी बुडाली, पण कर्ज बुडालं नाही. नंतर कंपनीच्याच खजिन्यातून फौजेला आगाऊ रकमा जात राहिल्या आणि १८५३पर्यंत ती बाकी पन्नास लाखांच्या आसपास पोचली.

वऱ्हाडातला मुलूख या काळात मक्त्यानं दिला जात होता. मक्तेदाराला हैदराबादेत ठरलेली रक्कम भरायची, मग तो वर किती काढतो हे त्याचं त्यानं पाहायचं. शिपायाच्या महिना सात रुपयांच्या पगारासाठी पामरला व्याज, व्याजासाठी वरात, वरातीसाठी मक्ता, आणि या साखळीच्या शेवटी पैनगंगेच्या अलीकडचा ज्वारी-कापूस पिकवणारा कुणबी.

आता तो शिपाई.

कंपनीच्या राज्यात सक्तीची लष्करभरती नव्हती. जो आला तो आपल्या पायानं आला, असं कागद म्हणतात आणि ते खरं आहे. पण माणूस आपल्या पायानं येतो तेव्हा मागून कोण ढकलतं, तेही पाहिलं पाहिजे. पलटणीत शिरण्याची वाट बहुधा नात्यातून जाई. रजेवर गेलेला शिपाई परतताना भाऊ, पुतण्या, मेहुणा यांपैकी कोणाला तरी बरोबर आणी. जागा रिकामी होईपर्यंत तो पोरगा लायनीत, म्हणजे पलटणीच्या झोपड्यांच्या रांगांत, उमेदवार म्हणून स्वतःच्या, म्हणजे त्या नातेवाइकाच्याच, खर्चानं राही. भरतीचा निर्णय एकट्याचा नसे. दोघं भाऊ शेतावर पुरेसे आहेत, तिसऱ्याला धाडा, असा तो घराचा हिशेब असे.

कंपनीच्या पायदळातल्या साध्या शिपायाला महिन्याला सात रुपये मिळत. हा आकडा जवळजवळ शंभर वर्षं हलला नाही. तो नऊ झाला थेट १८९५ साली. पोटाचा शिधा त्यातूनच, कपड्यांचा काही खर्चही त्यातूनच. राहायची झोपडीसुद्धा लायनीत त्यानंच उभी करायची. सात रुपयांत कोणी श्रीमंत झालं नाही. तरी माणसं का येत राहिली? कारण हे सात रुपये ठरल्या दिवशी हातात पडत. निजामाच्या स्वतःच्या फौजेत पगार वर्षवर्ष थकत, शिपाई धन्याच्या दारात धरणं धरून बसत, आणि अरब व रोहिले जमादार थकबाकीपोटी तालुके दाबून बसत. ज्या मुलखात शेतकऱ्याला पावसाचा भरवसा नाही आणि शिपायाला मालकाचा, तिथे ठरल्या तारखेला येणारा रोकडा पैसा ही फार मोठी गोष्ट होती. या माणसाच्या निवडीला लालूच म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. घरात एक तरी भरवशाची मिळकत असावी, एवढंच त्याला हवं होतं.

घोडदळात हिशेब वेगळा होता. तिथे शिलेदारी पद्धत होती. घोडा, खोगीर, हत्यार शिलेदाराचं, म्हणून पगार जास्त. पण घोडा घ्यायला पैसा घरातूनच उभा करावा लागे आणि घोडा गेला की भांडवलच गेलं. ज्याच्याकडे घोडा नाही तो दुसऱ्याच्या घोड्यावर बारगीर म्हणून बसे आणि मालकाचा वाटा वजा जाऊन उरेल ते घरी नेई. म्हणजे स्वाराच्या पाठीमागचं घर नुसतं वाट पाहत नव्हतं, ते त्या घोड्यात गुंतलेलं होतं.

कंटिंजंटच्या पलटणींत वऱ्हाडातला माणूस तुलनेनं थोडा होता, हे मान्य केलं पाहिजे. उत्तरेकडून, विशेषतः अवधच्या बाजूनं आलेले परदेशी लोक, दक्षिणी मुसलमान, काही तेलंगी, काही मराठे असा तो मेळ होता. अवधच्या गावांतून माणसं शेकडो कोस चालत येत, त्यामागे एक कारण पगारापलीकडचं होतं. कंपनीच्या बंगाल फौजेतल्या अवधच्या शिपायाला घरच्या जमिनीच्या तंट्यात लखनौच्या रेसिडेंटमार्फत दाद मागता येई. घरचा एक पोरगा पलटणीत असला की तालुकदार त्या कुटुंबाच्या वाटेला जाताना दोनदा विचार करी. १८५६ साली अवध खालसा झालं आणि ही सोय संपली. त्यानंतर वर्षभरात काय झालं ते सर्वांना माहीत आहे. १८५७ची कारणं सांगताना आपण काडतुसापाशी फार रेंगाळतो. शिपायाच्या घरची पत गेली, त्याच्या बापाच्या तक्रारीला वजन उरलं नाही, ही जखम मला काडतुसापेक्षा खोल वाटते.

आणि शिपाई मेला तर? लढाईत मरणारे थोडे. १८१७च्या नोव्हेंबरात बुंदेलखंडात लॉर्ड हेस्टिंग्जच्या छावणीत पटकी शिरली आणि एकही गोळी न सुटता काही दिवसांत हजारो माणसं गेली. त्या शतकात फौज चालली की पटकी तिच्याबरोबर चाले. पण वारसाला निवृत्तिवेतन मिळायचा साधारण नियम होता तो लढाईत किंवा समुद्रापलीकडच्या मोहिमेत मेलेल्यांसाठी. लायनीतल्या झोपडीत तापानं गेलेल्याच्या बायकोला तो आधार नव्हता. बंगाल फौजेत बायकामुलं बहुधा गावी राहत; मद्रास आणि मुंबईच्या पलटणींत ती बरोबर असत, एका छावणीतून दुसरीकडे फौजेमागून चालत. पहिलीला नवरा गेल्याची खबर महिन्यांनी कळे. दुसरीला त्याच दिवशी झोपडी सोडायचा प्रश्न पडे. या बायकांनी काय केलं, कुठे गेल्या, कोणाच्या आश्रयाला राहिल्या, हे पलटणीच्या इतिहासात शोधू नये. मेजर बर्टन यानं कंटिंजंटचा इतिहास लिहिला तो १९०५ साली छापला गेला. अशा पुस्तकांत इंग्रज अधिकाऱ्याला नाव असतं, देशी शिपायाला बहुतेक वेळा फक्त संख्या असते, आणि शिपायाच्या बायकोला संख्यासुद्धा नसते.

इथे कोणी म्हणेल, परदेशी शिपायांशी पुसदला काय करायचं? पुसदची स्वतःची लढणारी माणसं होती की! होती, आणि त्यांचीच गोष्ट मला इथे जास्त महत्त्वाची वाटते.

'ऐन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात वाशीमच्या परिसरातल्या हटकरांचा उल्लेख आहे: मानी, सहजी न वाकणारे लोक, बळ एक हजार स्वार आणि पाच हजार पायदळ. १८५३च्या तहातले आकडे याच्याशेजारी ठेवून पाहा. दोन हजार स्वार, पाच हजार पायदळ. अडीच शतकांपूर्वी ज्या डोंगरांनी जवळपास तेवढी फौज आपल्या घरांतून उभी केली होती, त्याच डोंगरांच्या साऱ्यावर आता दुसऱ्यांची फौज उभी राहणार होती. आकड्यांचं जुळणं योगायोग आहे, पण मधला बदल योगायोग नाही.

वाशीम, पुसद, उमरखेड, हिंगोली या पट्ट्यात हटकर नाईकांच्या गढ्या होत्या. घाट राखणं, वाटा सांभाळणं आणि वेळ पडली तर त्या अडवणं हेच त्यांचं काम. नाईकामागचा माणूस वर्षातले काही महिने मेंढरांमागे किंवा नांगरामागे असे आणि हाक आली की भाला घेऊन निघे. त्याला महिन्याचा पगार नव्हता. लुटीत वाटा, नाईकाकडून जमिनीचा तुकडा आणि भाऊबंदांत मान, एवढीच त्याची कमाई. १८७० साली आल्फ्रेड लायल यानं वऱ्हाडचं गॅझेटियर तयार केलं. त्यात हटकरांची एक रीत नोंदली आहे: लढाईत किंवा शिकारीत मेलेल्याला अग्नी द्यायचा, आणि घरात मेलेल्याला मांडी घालून बसवून, तोंडात सोन्याचा कण ठेवून पुरायचं. लढणं हा त्या माणसाचा धंदा नव्हता, ते त्याच्या मरणाची रीत ठरवत होतं. सात रुपयांच्या शिपायात आणि याच्यात हा मोठा फरक.

नौसाजी नाईक हा त्यांतला शेवटचा मोठा नाईक. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची निजामाची फौज त्याच्यावर चालून गेली. उमरखेडच्या बाजूला गाठ पडली आणि नौसाजीचे लोक मागे हटत पैनगंगेच्या दक्षिणेला नाव्ह्याच्या गढीत शिरले. १८१९च्या जानेवारीत मेजर पिटमननं गढीला वेढा घातला आणि महिनाअखेर हल्ला करून ती घेतली. आत बरेचसे अरब होते. त्यांतले फार थोडे वाचले. नौसाजीला हैदराबादेला नेलं आणि तो तिथेच मेला. हल्ला करणाऱ्या पलटणींना पुढे 'नाव्हा' हे नाव युद्धसन्मान म्हणून आपल्या निशाणावर मिरवता आलं.

नौसाजीचं नाव राहिलं, पिटमनचं राहिलं, गावाचंही निशाणावर राहिलं. नाईकाच्या हाकेला आलेला हटकर गडी आणि गढीच्या भिंतीवर चढलेला कंटिंजंटचा शिपाई, या दोघांची नावं मात्र कुठल्याही शाळेच्या पुस्तकात येत नाहीत. दोघांची घरं फार निराळी होती असं मला वाटत नाही. दोन्ही घरांत शेत अपुरं, भाऊ जास्त, आणि त्यांतल्या एकानं हत्यार धरायचं ठरलेलं. पण त्या जानेवारीनंतर एक मोठा फरक पडला. पैनगंगेच्या या काठावरून आपल्या नाईकामागे लढायला जाणारा माणूस हळूहळू संपला. गढ्या मोडल्या, घाट पलटणींनी राखायला घेतले, हटकर मेंढरांकडे आणि नांगराकडे वळले ते कायमचे. जो प्रदेश आपली माणसं देत होता, तो आता पैसा देऊ लागला. पुसदच्या एकोणिसाव्या शतकाचा सांधा मला इथे दिसतो.

तिसरा एक गट पुसदच्या इतिहासातून वगळताच येत नाही, तो बंजाऱ्यांचा. आज पुसद म्हटलं की गहुली आठवतं आणि वसंतराव नाईक आठवतात. त्याआधीच्या काळात बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून फौजांमागे चालत. टिपूवरच्या मोहिमेत आणि १८०३ साली आर्थर वेलस्लीच्या मोहिमेत इंग्रज फौज या तांड्यांच्या धान्यावर जगली. इथे पुरुष फौजेत आणि बाई घरी अशी विभागणीच नव्हती. बायका, पोरं, म्हातारे, सगळा तांडा युद्धाच्या वाटेवर असे, आणि त्यांना शिपाई म्हणून कोणी कधी मोजलं नाही. पुढे सडका आणि आगगाडी आली, बैलांवरचा व्यापार बसला, आणि फौजांना पोसणाऱ्या या जमातीवर संशयाचा शिक्का मारण्यात आला. महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत बंजारा आजही आहेत. सेवेची नोंद नाही आणि संशयाची आहे, असं एका अख्ख्या समाजाच्या वाट्याला आलं.

एक मोठा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो टाळायचा नाही. कंटिंजंटचा शिपाई परक्यांसाठी लढला. नाव्ह्याला तो आपल्याच मुलखातल्या नाईकावर चालून गेला. १८५८ साली सर ह्यू रोजच्या फौजेबरोबर कंटिंजंटचं पायदळ आणि घोडदळ झाशीपुढे उभं होतं. त्याच वेळी शहराच्या आत वरसईचे विष्णुभट गोडसे होते. त्यांनी पाहिलेली कत्तल आणि जाळपोळ 'माझा प्रवास'मधून आपल्यापर्यंत पोचली. पोट भरायला उत्तरेला गेलेला कोकणातला भिक्षुक तटाच्या आत, आणि वऱ्हाडच्या साऱ्यावर पोसलेला शिपाई तटाच्या बाहेर. मग अशा शिपायाची आठवण का काढायची?

झाशीत जे झालं त्याचा दोष कमी करावा असं मी म्हणत नाही. पण या शिपायाला देशद्रोही ठरवण्याआधी त्याच्यापुढे कोणता देश होता ते सांगावं लागेल. त्याचा धनी नावापुरता निजाम, हुकूम इंग्रजाचा, गाव अवधेत किंवा तेलंगणात, पगार पुसद-वाशीमच्या कुणब्याचा. यांतल्या कोणाशी त्यानं इमान राखायचं होतं? त्यानं राखलं ते मिठाशी आणि घराशी. ही निष्ठा अपुरी होती असं आपण आज म्हणू शकतो, पण तिच्यात कपट नव्हतं. आणि दोष वाटायचाच असेल तर पहिला वाटा ज्यांनी व्याज घेतलं, मक्ते दिले आणि तह केले त्यांच्याकडे जायला हवा. सात रुपयांच्या माणसाचा क्रमांक त्यानंतर फार उशिरा येतो. आपल्या घराण्यांच्या आठवणींत सरदार आणि जहागीरदार भरपूर सापडतात, साधा शिपाई सहसा कोणाचा पणजोबा निघत नाही. हजारो शिपाई होते तर त्यांचे वंशज गेले कुठे? ते इथेच आहेत. हिंगोलीत, परतवाड्यात, अंबाजोगाईत कंटिंजंटच्या छावण्यांच्या जागी वाढलेल्या वस्त्यांत आहेत, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या परदेशी आणि मुसलमान घरांत आहेत. त्यांना उपरे समजणं हा त्यांच्यावरचा दुसरा अन्याय होईल.

शिपायाचं घर इतिहासात कोणाला सापडतं आणि कोणाला नाही, हे त्याच्या शौर्यावर ठरत नाही, कागदावर ठरतं. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटलं तेव्हा उत्तरेच्या फौजेत शेतकऱ्यांची आणि कारागिरांची पोरं मोठ्या संख्येनं आपखुशीनं दाखल झाली. साध्या सैनिकाला महिन्याला १३ डॉलर. १८६२च्या कायद्यानं मेलेल्या सैनिकाच्या विधवेला महिन्याला आठ डॉलर मिळू लागले. ते मिळवायला तिला लग्न सिद्ध करावं लागे, मुलांच्या जन्मतारखा द्याव्या लागत, शेजाऱ्यांच्या साक्षी आणाव्या लागत. काहींनी नवऱ्याची पत्रंच पुरावा म्हणून जोडली. त्या फायली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. म्हणून आज तिथल्या एखाद्या अगदी सामान्य शिपायाचं सगळं कुटुंब उभं करता येतं. बाईला पैसे मागायचा हक्क मिळाला म्हणून तिचं नाव उरलं.

त्याच युद्धाचा एक धागा पुसदपर्यंत येतो. अमेरिकेच्या दक्षिणेचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या वऱ्हाडकडे वळल्या, खामगाव आणि अमरावतीच्या बाजारात भाव चढले. याच सुमाराला, १८६१पासून, वऱ्हाडात मुंबई पद्धतीची जमीन पाहणी आणि साराबंदी सुरू झाली. १८६५त युद्ध थांबलं, भाव कोसळले. कापसाचा भाव पडला तरी नव्यानं बांधलेला सारा हप्त्यानं भरायचाच होता, कारण त्या साऱ्यावर हिंगोलीच्या छावणीचा पगार होता. ज्याचं नावही कधी ऐकलं नाही, अशा एका परक्या देशातल्या शिपायाच्या बंदुकीनं पुसदच्या शेतकऱ्याचं वर्ष चढवलं आणि उतरवलं.

आपल्याकडेही काही घरांचे कागद उरले. कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावं कोरलेली आहेत. 'नाक'नं संपणारी ती महार नावं दगडावर होती म्हणूनच शतकभरानं एक समाज तिथे आपला हक्क सांगायला जाऊ शकला. रामजी सकपाळांचं घरही असंच. वडील मालोजी फौजेत, रामजी स्वतः सुभेदार आणि महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक, सासरची माणसंही फौजेतली. पलटणीच्या शाळेमुळे त्या घरात अक्षर आलं, निवृत्तिवेतनामुळे पोरांना शिकवता आलं. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद झाली तेव्हा निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. पलटणीतल्या नोकरीवर किती घरं उभी होती, ते त्यावरूनच कळतं. पण रामजींचं घर आपल्याला माहीत आहे ते त्या घरात भीमराव आंबेडकर जन्मले म्हणून. ते जन्मले नसते तर रामजी सुभेदारही पेन्शनीच्या रजिस्टरातली एक ओळ होऊन राहिले असते. त्यांच्या बरोबरीच्या असंख्य माणसांचं तेच झालं.

पुसदच्या बाजूला शिपायाच्या बायकोचा कागद नाही, पण दुसऱ्या घराचा कागद आहे, आणि तो भक्कम आहे. साराबंदीच्या पाहणीनं गावोगावच्या शेताला नंबर दिला, आकार ठरवला, खातेदाराचं नाव लिहिलं. कोणाचं शेत कोणत्या साली दुसऱ्याच्या नावावर गेलं, कोणाची विधवा खातेदार झाली, सावकाराचं नाव कधी शिरलं, हे त्यात सापडतं. १८९९-१९००चा दुष्काळ वऱ्हाडात किती घरं मोडून गेला, त्याच्याही खुणा तिथेच आहेत. आपले इतिहासप्रेमी लोक या कागदांकडे शेतीचे कागद म्हणून पाहतात. मला ते लष्कराचेही कागद वाटतात. पुसद तालुक्यातल्या कुणब्यानं भरलेला हप्ता आणि हिंगोलीत वाटला गेलेला पगार ही एकाच जमाखर्चाची दोन पानं आहेत. पैनगंगा ओलांडून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटरवर ती छावणी होती. मधली नदी दोन राज्यांची हद्द होती, पण पैसा ती दरवर्षी ओलांडत होता.

५ नोव्हेंबर १९०२ रोजी लॉर्ड कर्झन आणि निजाम मीर महबूब अली खान यांच्यात करार झाला. वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं इंग्रजांकडे राहिलं, बदल्यात निजामाला वर्षाला २५ लाख रुपये. १९०३त कंटिंजंट मोडून तिच्या पलटणी हिंदी सैन्यात मिळवल्या. ज्या फौजेच्या पगारासाठी मुलूख तारण घेतला होता ती फौजच उरली नाही, तरी तारण सुटलं नाही. १९०५त वाशीम जिल्हा मोडला आणि पुसद यवतमाळला जोडलं गेलं. पलटणी पुढे हैदराबाद रेजिमेंटमध्ये आणि १९४५त कुमाऊं रेजिमेंटमध्ये गेल्या. तिथल्या एका बटालियनच्या नावात 'बेरार' हा शब्द अजून आहे.

शिपायाच्या या दोन्ही घरांचा शोध घ्यायला मोठी संस्था लागत नाही. पुसद तालुक्यातलं एक गाव घ्यावं, त्याचे पाहणीपासून १९०३पर्यंतचे साऱ्याचे आणि खातेदारांचे कागद काढावेत आणि त्याच वर्षांचे कंटिंजंटचे खर्चाचे आकडे शेजारी मांडावेत. गावातल्या हटकरांच्या घरी, तांड्यावर, हिंगोलीच्या जुन्या छावणीभोवतीच्या घरांत जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारावं, तुमच्यातलं कोण फौजेत होतं, कोण फौजेमागे चाललं, आणि माणूस परत आला नाही तेव्हा घर कोणी चालवलं. शेवटचा प्रश्न आधी बायकांना विचारावा.